सायलेन्सरपाशी ठेवलेली बादली

गॅसवरची गाडी सुरू होत नाही म्हणून कुणी आमच्या गॅरेजात आलं, की माझे भाऊजी आधी बॉनेट उघडत नसत. गिऱ्हाइकाला परत गाडीत बसवत आणि म्हणत, "रोज सकाळी करता तशी सुरू करा. मी इथं नाहीच असं समजा." गिऱ्हाईक वैतागायचं. सुरू होत असती तर तुमच्याकडे आलो असतो कशाला, असा चेहरा करायचं. पण बसायचं, चावी फिरवायचं, आणि भाऊजी खिडकीत कोपर टेकून गाडीकडे नाही, त्या माणसाच्या हाताकडे बघत राहायचे.

निम्मे बिघाड त्या हातात असतात, असं त्यांचं म्हणणं. कुणी चावी घातली की एका दमात टोकापर्यंत फिरवतो. आतला गॅसचा वॉल्व उघडायला जरा अवधी लागतो, तो कोण देणार? "अर्ध्यावर थांबा. टक असा आवाज येऊ द्या. मग सेल्फ मारा. तुम्हाला झोपेतून उठवून लगेच कुणी पळायला लावलं तर पळाल का?" असं ते समजावायचे. दुसऱ्या कुणी पेट्रोलची टाकी वर्षानुवर्षं कोरडी ठेवलेली असायची. गॅस स्वस्त, मग पेट्रोल कशाला, हा हिशेब. त्यात आतला पंप सुकून जळायचा, आणि मग मालक विचारायचा, अचानक काय झालं हो? एका गृहस्थांनी तर डिकी घासूनपुसून लख्ख करताना सिलिंडरचा वॉल्वच फिरवून बंद केला होता आणि गाडी दोरीने ओढत आणली होती. भाऊजींनी वॉल्व उघडला, गाडी सुरू करून दिली आणि त्यांना एवढंच म्हणाले, "साफसफाई छान केलीत."

मी हे सगळं बघायचे ते पार्टच्या काउंटरमागून. माझा संसार मोडला तेव्हा मी ताईकडे राहायला आले. घरात बसून कुढत होते, तर भाऊजींनी गॅरेजच्या कोपऱ्यात लाकडी काउंटर ठोकला आणि म्हणाले, "इथं बस. तुझं तोंड चालतं, त्याचा धंद्याला उपयोग होईल." झालाही. उधारीवर प्लग न्यायला आलेली माणसं माझ्याकडे बघूनच पाकीट काढायची. प्लग, फिल्टर, नळ्या, वॉशर, मला सगळ्याची ओळख झाली. माणसांची जरा उशिरा होते, हे मला त्याच काउंटरवर बसून कळलं.

भाऊजींचं खरं नाव झालं होतं ते मात्र हातांकडे बघण्यामुळे नाही. गिऱ्हाईक सेल्फ मारत असताना ते गाडीमागे जायचे, सायलेन्सरच्या तोंडाशी उकिडवे बसायचे आणि डोळे मिटून वास घ्यायचे. कच्च्या गॅसचा वास आला, तर गॅस इंजिनात पोचतोय पण पेटत नाही. मग प्लग बघा, कॉइल बघा, वायर बघा. वास नसला, तर गॅस पोचतच नाही. मग वॉल्व, फिल्टर, रेग्युलेटर. गाडीचं पुढचं सगळं काम या एका वासावर ठरायचं. दुसरीकडे आठवडाभर उघडून ठेवलेल्या गाड्या त्यांनी अशा वासावर मार्गी लावल्या. लोक त्यांना नाकवाले मिस्त्री म्हणायला लागले. समोरचा टायरवाला तर रस्त्याच्या पलीकडून ओरडायचा, "नाकवाले, आमच्याकडे चहा उकळलाय का बघा जरा." भाऊजी खरंच मान वर करून हुंगायचे आणि म्हणायचे, "अजून नाही. पावडर कमी टाकलीस." त्या हसण्यात मीही असायचे.

मग एका वर्षी भाऊजींना मोठा ताप आला. अंथरुणाला खिळले. उठले तेव्हा शर्ट अंगावर झुलत होता आणि चार पावलं चालले तरी भिंतीला हात लावत होते. हळूहळू सावरले, गॅरेज उघडलं. पण दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे जेवणाला नावं ठेवणारा हा माणूस काहीही वाढलं तरी "छान झालंय" म्हणायला लागला. पूर्वी डाळीत जिरं जरा जास्त झालं तरी ताट सरकवायचे. मला वाटलं, आजारपणाने माणूस मऊ झाला, बरंच झालं.

दुसरी गोष्ट म्हणजे ताई. ती दुपारी डबा घेऊन यायची, तशी आता सकाळीच यायला लागली आणि दिवसभर बसायला लागली. गॅरेजच्या मागच्या बाजूला, जिथं गाड्या उलट्या लावतात तिथं, एका प्लास्टिकच्या खुर्चीत. खुर्चीचा एक पाय आखूड होता, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. मांडीवर उसवलेले कपडे आणि सुईदोरा. मी विचारलं, "घरी काय वाघ शिरलाय का?" तर म्हणे, "कंटाळा येतो गं एकटीला." तिला? जिला दुपारी अर्धा तास आडवं व्हायला मिळालं की स्वर्ग हाती लागायचा, तिला? मी मनातल्या मनात पेटले. मला वाटलं, ही माझ्यावर लक्ष ठेवायला येते. मोडलेल्या संसाराच्या बाईकडे सगळेच तसं बघतात, पण सख्ख्या बहिणीनंही बघावं, याचं मला फार लागलं. बरेच दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोलले.

ती फक्त बसायची असंही नाही. गाडी सेल्फ घ्यायला लागली की ही उठायची. नळावर बादली भरायची आणि गाडीच्या मागून येऊन सायलेन्सरपासून थोड्या अंतरावर ठेवायची. कधी म्हणायची, "अहो, पाणी ठेवलंय." कधी काही न बोलता बादली परत उचलून न्यायची. मला तो वेडेपणा वाटायचा. भाऊजी काम झाल्यावर त्या पाण्यात हात धुवायचे, म्हणून मी धरून चालले की ते हात धुवायलाच असतं. भरलेली बादली उचलून परत का नेते, हे विचारायचं मला सुचलंही नाही.

याच सुमारास भाऊजींनी हाताखालच्या कारागिराला दुसऱ्या गॅरेजात लावून दिलं. चांगला माणूस होता. "त्याला तिथं जास्त शिकायला मिळेल," असं म्हणाले. मी त्यावरही दोन शब्द बोलले असणार. मी बोलल्याशिवाय राहत नाही.

अशी काही वर्षं गेली. पुढे ताईच्या मुलीचं बाळंतपण आलं आणि ताई तिच्याकडे गेली. जाताना दारात घुटमळली. भाऊजींना म्हणाली, "अवघड गाडी आली तर थांबवून ठेवा. मी आल्यावर बघू." मला हसू आलं. ही येऊन काय बघणार होती?

ती गेली आणि व्हॅनवाल्या बाई आल्या. शाळेची मुलं ने-आण करणारी त्यांची व्हॅन, जुनी, थेट गॅसवर सुरू होणारी. सेल्फ घेते, पण धरत नाही. मुलं सुटायच्या आत गाडी हवी म्हणून बाईंचा जीव टांगणीला. भाऊजींना थांबवून ठेवणं जमलं नाही. ते मागे जाऊन बसले, डोळे मिटले, उठले आणि म्हणाले, "गॅस येत नाहीये." फिल्टर काढला, साफ केला. बाईंना खाली उतरवून स्वतः सेल्फ मारला. नाही. रेग्युलेटर उतरवला, परत बसवला. पुन्हा सेल्फ. नाही. असं किती वेळा झालं कोण जाणे.

आणि वास तर असा सुटला होता की विचारू नका. मी काउंटरवर नाकाला रुमाल लावून बसले होते. समोरच्या टायरवाल्यानं शटर अर्धं खाली ओढलं. बाईंनी ओढणी तोंडावर घेतली. तिघांनाही वास येत होता आणि तिघांपैकी एकानंही तोंड उघडलं नाही. नाकवाल्या मिस्त्रींना वास येतोय म्हणून काय सांगायचं? स्वयंपाक्याला कुणी चूल दाखवतं का? त्यांना आपल्याआधी आला असणार, त्यामागं त्यांचं काही गणित असणार, असं प्रत्येकानं धरलं. त्यांच्या इतक्या वर्षांच्या नावानं आमची तोंडं बंद केली होती.

बिघाड होता कॉइलच्या सैल झालेल्या वायरीत. काम करताना भाऊजींचा धक्का लागून ती जागेवर बसली असावी, कारण त्यानंतर त्यांनी सेल्फ मारला आणि सायलेन्सरमध्ये साठलेला सगळा गॅस एकदम पेटला. आवाजानं माझ्या मागच्या फळीवरचे डबे खाली आले. सायलेन्सर शिवणीवर फाटला आणि त्याचा तुकडा मागच्या भिंतीवर जाऊन आपटला. तिथं जरा वेळापूर्वी त्या बाई उभ्या होत्या. त्या पाणी प्यायला माझ्याकडे आल्या म्हणून वाचल्या. भाऊजी गाडीतून उतरून जमिनीवर बसले होते. बाई नुसत्या त्या भिंतीकडे बघत होत्या. भाऊजी त्यांना म्हणाले, "माझं चुकलं." कुणाचाच त्यावर विश्वास बसला नाही. सगळे म्हणाले, जुनी गाडी, व्हायचंच.

मी फोनवर ताईला गंमत सांगावी तसं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी ताई दारात हजर. मी उसळले, "ओल्या बाळंतिणीला टाकून आलीस? तुझी अक्कल कुठं गेली?" तिनं मला हाताला धरून नळापाशी नेलं. नळ सोडला, पाण्याच्या आवाजात बोलता यावं म्हणून.

"त्यांना वास येत नाही," ती म्हणाली. "तापापासून. अगदी कसलाच येत नाही."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. बादली, खुर्ची, छान झालेलं जेवण, गेलेला कारागीर, सगळं एकदम समोर उभं राहिलं. पाणी ठेवलंय म्हणजे वास येतोय. बादली परत नेली म्हणजे येत नाही. इतकी वर्षं माझी बहीण गाड्यांच्या मागे धुरात बसून नवऱ्याचं नाक झाली होती आणि मी तिच्यावर फुगून बसले होते.

"मग सांगत का नाहीत?" मी म्हणाले. "कुणी मेलं असतं काल."

"म्हणून तर आले." तिनं नळ बंद केला, परत सोडला. "लोक त्यांना त्याच नावानं ओळखतात. ते गेलं तर मी कोण, असं विचारतात ते मला. काय सांगू?"

"सांग की मिस्त्री आहात म्हणून."

"तू सांगून बघ," ताई म्हणाली, आणि बादली भरून घेऊन गेली.

मी सांगितलं नाही. रोज ठरवायचे आणि रोज गिळायचे. भाऊजी सावध मात्र झाले. प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावून बुडबुडे बघितल्याशिवाय गाडी बाहेर सोडायचे नाहीत. गळती त्यांच्या हातून कधी राहिली नाही, हे मी छातीठोकपणे सांगेन. पण सुरू न होणारी गाडी आली की ताई उठायची, बादली भरायची, आणि "अहो, पाणी ठेवलंय" म्हणायची. मला आता ते ऐकवत नसे. मी काउंटरखाली वाकून काहीतरी शोधल्यासारखं करायचे.

थंडीच्या दिवसांत ताई गेली. घरी, कपडे वाळत घालताना, दम लागला म्हणून खाली बसली ती उठलीच नाही. हृदय कमजोर होतं, डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, धुरामुळे? ते म्हणाले, तसं काही म्हणता येणार नाही. ते शिकलेले आहेत, त्यांचं खरं असेल. माझ्या मनातून धूर गेला नाही तो नाहीच.

त्यानंतर शटर उघडलं नाही. भाऊजी खिडकीत बसून राहायचे. चहा दिला तर प्यायचे, नाही दिला तर मागायचे नाहीत. एक दिवस म्हणाले, "गॅरेज देऊन टाकू. मन लागत नाही." नातेवाइकांनी माना डोलावल्या, साहजिक आहे म्हणाले. मला एकटीला माहीत होतं की मनाचं कारण अर्धंच खरं आहे. तिच्याशिवाय त्यांना काम करता येणार नव्हतं आणि ते कुणाला सांगताही येणार नव्हतं. हा माणूस गाड्यांशिवाय जगणार नाही, हेही मला दिसत होतं. माझ्या काउंटरचं जाऊ द्या, मी कुठंही भांडून पोट भरीन. पण बहीण गेली, आता तिनं ज्याच्यासाठी एवढं केलं तो माणूसही खिडकीत बसून संपणार, हे मला सहन होईना.

हत्यारं आवरायला म्हणून आम्ही एका सकाळी गॅरेज उघडलं. ते पाने पुसून पेटीत ठेवत होते, मी पार्ट खोक्यात भरत होते. तेवढ्यात रस्त्यावरून कुणी व्हॅन ढकलत आणली. मागून टायरवाला आणि दाराशी हात लावून त्याच व्हॅनवाल्या बाई.

"बंद केलंय बाई," भाऊजी म्हणाले.

"दिसतंय मला," बाई म्हणाल्या. "पण मुलं शाळेत आहेत आणि ही धरत नाही. मी दुसरीकडे कुठं जाणार नाही."

फाटलेला सायलेन्सर बघितलेली ही बाई. तरी तिथंच आली होती. भाऊजी बराच वेळ हातातला पाना पुसत राहिले. मग सवयीनं म्हणाले, "बसा. रोज करता तशी सुरू करा." त्यांनी बाईंचा हात बघितला. हातात चूक नव्हती. ते मागे गेले, सायलेन्सरपाशी उकिडवे बसले आणि डोळे मिटले. सेल्फ फिरत होता. ते उठेनात.

मी नळावर गेले, बादली भरली. गाडीमागून आले, वास भपकन नाकात शिरला. मी ताई ठेवायची तिथं बादली ठेवली आणि म्हणाले, "भाऊजी, पाणी ठेवलंय."

त्यांनी डोळे उघडले. मला वाटलं, ते रागावतील. त्यांचा चेहरा असा झाला की मला बादलीसकट जमिनीत जावंसं वाटलं.

"तुला माहीत होतं?" ते म्हणाले.

"ताईनं सांगितलं होतं."

"पाणी ठेवलंय असं तू म्हणू नकोस," ते म्हणाले. "ते तिचं होतं." गुडघ्यावर हात रोवून ते उठले. गाडीच्या खिडकीपाशी गेले आणि नेहमीच्या आवाजात बोलले. "बाई, मला वास येत नाही. बरीच वर्षं झाली. त्या दिवशीही येत नव्हता. माझी बायको सांगायची तेव्हा मला कळायचं. तुम्हाला गाडी दुसरीकडे न्यायची असेल तर ही माझी मेहुणी टायरवाल्याबरोबर पोचवून देईल."

बाई चावी धरून बसल्या होत्या. मागची ती भिंत त्यांनी आरशात बघितली असेल. मग म्हणाल्या, "आत्ता भरपूर येतोय, मिस्त्री. ओढणी लावायची वेळ आलीय."

"मलाही येतोय," टायरवाला म्हणाला. तो व्हॅनला टेकून दम खात होता. "त्या दिवशी तर माझ्या दुकानापर्यंत येत होता. मला वाटलं, तुम्हाला काय सांगायचं."

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"मग गॅस पोचतोय," ते म्हणाले. "ठिणगी नाही. सेल्फ थांबवा. जरा हवा लागू दे, सगळे बाजूला व्हा." वास ओसरला की नाही हे त्यांनी तिघांना तीनदा विचारलं. मग बॉनेट उघडलं. प्लग काढले, टोकं झिजून गेली होती. मी खोक्यात भरलेले नवे प्लग परत बाहेर काढले. त्यांनी ते बसवले. चावी अर्ध्यावर थांबली, टक असा आवाज आला, आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. बाई खिडकीतून म्हणाल्या, "उद्या सकाळी तेल बदलायला आणते," आणि मुलांना आणायला गेल्या. टायरवालाही आपल्या दुकानात गेला.

भाऊजी ताईच्या खुर्चीपाशी आले. बसले नाहीत. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"इतकंच होतं," ते म्हणाले.

"काय?"

"विचारायचं. कुणाला वास येतोय का, इतकंच विचारायचं होतं." "समोरच्या दुकानापर्यंत येत होता गं. आणि मी तिला इथं बसवून ठेवलं."

माझं तोंड चालतं म्हणून त्यांनी मला काउंटर दिला होता. त्या दिवशी ते चाललं नाही. तिला तुमच्याजवळ बसायला आवडायचं, असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण त्यांना ते नको होतं, हे मला कळत होतं. मी बादली त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी हात धुतले, आणि पाणी काळं झालं तरी हात तसेच पाण्यात ठेवून वाकून राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मी दुसरीकडे बघितलं.

शेवटी ते सरळ झाले. हत्यारांची पेटी उघडून पाने एकेक करून भिंतीवरच्या खिळ्यांना परत लावायला लागले.

"ती खुर्ची आत घे," माझ्याकडे न बघता म्हणाले. "मागं कुणी बसायचं नाही."

मी पुठ्ठ्याची घडी उचलली आणि खुर्ची आत नेली.